ढेमसासारखं काहीतरी

ढेमसाची भाजी मला आजही फारशी आवडत नाही. तरी बाजारात ती हिरवी, गोल, गरीब चेहऱ्याची भाजी दिसली की मी पाव किलो घेतेच. सगळं जग एकीकडे असताना माझ्या बाजूने उभ्या राहिल्या त्या दोन बायका आणि एक ढेमसं. तिघांचेही उपकार मी विसरलेले नाही.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. आम्ही शहराबाहेर, अमरावती रोडला वाडी नावाच्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्टी लिहायचे, म्हणजे कुठला माल कुठल्या ट्रकने कुठे निघाला त्याचा कागद. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या ओळीतून रोज बस धरून कॉलेजात जाणारी मी एकटीच मुलगी. त्यामुळे नाक जरा वरच असायचं, हेही सांगून टाकते.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. घरमालकाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या भरायला मी संध्याकाळी वर गेले. सूर्य बुडायला आला होता. गोदामांच्या पत्र्यांवरून काहीतरी गोल, नारिंगी उजळलेलं, अगदी सावकाश चाललं होतं. आवाज नाही की धूर नाही. मी "आई, लवकर ये" म्हणून ओरडले. आई जिना चढून येईपर्यंत ते गोदामांच्या मागे उतरून दिसेनासं झालं. आईला दिसली फक्त मी आणि सांडलेल्या मिरच्या.

माझा आवाज तेव्हापासूनच खणखणीत. चौकातल्या पानठेल्यावर एका दैनिकाला वाडीच्या बातम्या पुरवणारे एक गृहस्थ उभे असायचे, ते दुसऱ्याच दिवशी चौकशीला आले. मी त्यांना म्हटलं, "ढेमसासारखं होतं." ते हसले आणि म्हणाले, "पेपरात ढेमसं शोभते का पोरी?" बातमी आली ती अशी, की वाडीच्या आकाशात उडती तबकडी, आणि ती पाहिली कॉलेजकन्येने.

मग काय विचारता! नळावर बायका विचारायच्या, "काहून वं, आज तबकडी नाही आली का तुले घ्याले?" ट्रकवाले बाबांना विचारायचे, तबकडीची बिल्टी कोणी बनवली. हे सगळं मी हसून घालवलं असतं. पण बाबांना ते लागलं, आणि का लागलं ते मला कळत होतं.

बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. आजोबांच्या वेळचे देव त्यांनी स्वतःच्या हाताने घराबाहेर काढले होते. भूत, भानामती, अंगात येणं, या सगळ्याविरुद्ध ते दर रविवारी विहारात तासभर बोलत, आणि लोक ऐकत. त्याच माणसाच्या मुलीचं नाव पेपरात कशासाठी आलं, तर आकाशातल्या भुताटकीसाठी.

"आपण भूतखेत छप्पन सालीच सोडून आलो," बाबा म्हणाले, "अन् तू आभाळातून नवे घेऊन आली. येत्या रविवारी विहारात उभी राह्य अन् सांग, मले काही दिसलं नाही म्हणून."

"पण बाबा, मले दिसलं."

"पेपर वाचला मी. तबकडी-गिबकडी काही राहत नाही."

मी तोंड उघडलं, पण बाबांचं भाषण सुरू झालं होतं. बिल्टी लिहिणाऱ्या माणसाचा लिहिलेल्या अक्षरावर फार विश्वास. जे छापलं तेच मी पाहिलं, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. रात्रभर मला एकच वाटत राहिलं. शास्त्र शिकायला निघालेली मी, आणि पहिल्याच परीक्षेत सगळ्यांसमोर उभं राहून खोटं बोलायचं. नाही बोलले, तर बाबांची विहारातली मान खाली. दोन्हीकडून मरण माझंच.

कॉलेजात फिजिक्सच्या एक मॅडम होत्या. कोकणातल्या, ठेंगण्या, आवाज मऊ आणि नजर कडक. प्रयोगशाळेत कोणी पुस्तकातलं उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवले की त्या वही परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "दिसलं ते लिही. असायला हवं ते नको." त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. मी समजले, आता इथेही चेष्टा होणार.

त्या म्हणाल्या, "पेपरातला शब्द राहू दे. तुझा शब्द काय होता?"

एवढंच. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडतच मी म्हटलं, "ढेमसं."

मॅडमना ढेमसं माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी त्या बसने थेट आमच्या घरी आल्या. आईने चहा ठेवला आणि टोपलीतून एक ढेमसं आणून त्यांच्या हातात दिलं. ते लांब देठाचं होतं. मी ते देठ खाली करून धरलं आणि दाखवलं, "असं. अन् देठाखाली दोरीसारखं लोंबत होतं. दोरीले शेवटी डबीसारखं काही होतं."

"अगं, तबकडी चपटी असते," मॅडम म्हणाल्या, "हे तर गोल आहे!" आणि त्या इतक्या खूश झाल्या की ढेमसं हातात घेऊनच उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, हवामान खातं रोज रबराचा फुगा सोडतं, त्याला खाली यंत्राची डबी बांधलेली असते. फुग्यातला वायू झिरपून गेला तर तो उंच न जाता खालूनच वाहत जातो. सूर्य बुडताना त्याच्यावर ऊन पडलं तर तो असाच पेटल्यासारखा दिसेल. "पण हे झालं माझं अनुमान. डबी सापडली पाहिजे. काका, तुम्हीही चला."

बाबा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "मी कायले येऊ?"

तेव्हा आई बोलली. माझी आई घरात फार कमी बोलायची. "रोज वंदनेत एहिपस्सिको म्हणता नं? या अन् पाहा. मंग आता चला, अन् पाहा."

बाबांनी सायकल काढली.

ते ज्या गोदामांच्या मागे उतरलं होतं तिथे आम्ही विचारत निघालो. बाबांना सगळे ओळखत होते, त्यामुळे तेच विचारायला लागले. आधी कुरकुरत, मग चांगलेच रंगात येऊन. तिसऱ्या गोदामातल्या हमालाने सांगितलं, "तबकडी नाही पाहिली भाऊ, पण मागच्या पडीत जागेत एक रेडू पडला होता. आमच्या ड्रायव्हरनं उचलला. किती पिळला, पण गाणंच लागेना. मंग जरीपटक्याले दुरुस्तीले टाकला."

मॅडम आणि मी सायकलरिक्षात, बाबा मागे सायकलवर, अशी आमची वरात शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याच्या सिंधी बाजारात पोहोचली. बाजार गच्च भरला होता. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक म्हातारे सिंधी काका बसले होते. त्यांनी फळीवरून पांढरी डबी काढली. तिला अजून दोरी होती आणि दोरीला रबराची फाटकी चिंधी.

"ड्रायव्हर बोलता है गाना बजाओ," काका वैतागून म्हणाले. "अरे, ये क्या गाना बजाएगा? ये सिर्फ बोलता है। सुनने का पुर्जा इसमें है ही नहीं।"

मॅडम समजावू लागल्या की बरोबर आहे, ही डबी वरून हवेची खबर पाठवत राहते, तिला खालचं काही ऐकू येत नाही. माझं लक्ष नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबाही माझ्याकडे पाहत होते. मला हसू फुटलं आणि मी ते ओढणीत दाबलं. बाबांनी मान वळवली, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

डबी ज्यांची होती त्यांना सोमवारी नेऊन द्यायचं ठरलं. बाबांनी ती रुमालात बांधून कॅरिअरला लावली. मॅडमना बसमध्ये बसवताना त्यांनी दोन्ही हात जोडले आणि बस सुटेपर्यंत खाली घेतले नाहीत. मॅडम पुढे बदलून गेल्या, त्यांची माझी पुन्हा गाठ पडली नाही. पुढे मी स्वतः शिकवायला लागले. वर्गात कोणी अडखळलं की मी त्यांचाच प्रश्न विचारायचे, तुझा शब्द काय? त्यांना हे कधी सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते आहे.

रविवार उजाडला. विहार भरला होता. वंदना झाली. बाबांनी मला उभं राहायची खूण केली. डबी त्यांच्याकडेच रुमालात होती, रुमालाची गाठ त्यांनी सोडलीही नव्हती. मला वाटलं, आता बाबा नेहमीसारखे तासभर बोलणार, सगळं आपणच सांगून टाकणार.

बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"मी इथं लई बोलतो," ते म्हणाले. "माझ्या पोरीले काय दिसलं, ते पेपरानं सांगितलं, पानठेल्यानं सांगितलं, मीही सांगितलं. पोरीले मी इचारलंच नाही." मग ते माझ्याकडे वळले. "आता इचारून राहिलो. सांग वं माय, काय दिसलं तुले?"

आणि बाबा खाली सतरंजीवर, लोकांत जाऊन बसले. समोर मान वर करून.

मी ढेमसापासून सुरुवात केली.