दिव्यातून वारं

घरात प्लास्टिकचे डबे कसे साठतात ते कुणालाच सांगता येत नाही. विकत कुणी आणत नाही, टाकवत कुणाला नाही, आणि वेळेला झाकण एकाचंही सापडत नाही. नेदरलँड्समधल्या आमच्या आर्नहेमच्या कंपूतले किस्से तसेच साठलेत. त्यातला एक मात्र आम्ही हल्ली काढत नाही.

कंपू म्हणजे दोनच घरं. मी, माझा नवरा विनय आणि आमची लेक, आणि चार गल्ल्या पलीकडे गिरीश, त्याची बायको आणि त्यांची मुलगी इरा. मी, विनय आणि गिरीश तिघंही ऊर्जा कंपन्यांमध्ये. दिवसभर ऑफिसात उष्णता कशी वाचवावी याच्या स्लाइड्स करायच्या आणि घरी येऊन कानटोपी घालून जेवायचं. घरं जुनी, दोन्ही एकाच बिल्डरची. त्या महाभागाने वर माळ्यावरच्या खोलीत, छताला भोकं पाडून, हॅलोजनचे दिवे बसवलेले. कौलांखालचा वारा त्या भोकांतून थेट डोक्यावर! दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, आमच्याकडे वारा होता.

*

न काढायचा किस्सा आधी सांगून टाकते, म्हणजे सुटले.

गिरीशची आई, माई, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांची झोपायची सोय माळ्यावर केली होती. त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला इराचं अभ्यासाचं टेबल. आठवडाभराने माई म्हणाल्या, "गिरीश, दिव्यातून वारं येतंय रे."

गिरीश म्हणाला, "माई, दिव्यातून उजेड येतो. स्वेटर घाल."

त्या हिवाळ्यात आम्ही हा किस्सा प्रत्येक जेवणात सांगितला. माईंसमोरसुद्धा. त्याही हसायच्या. मग त्या सांगलीला परतल्या आणि जूनमध्ये एका पहाटे झोपेतच गेल्या. गिरीश पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

परत आल्यावर त्याने मला एकदाच विचारलं, "मधुरा, माईला इथे तीन महिने थंडीच वाजत होती का गं?"

मी नाही म्हणाले. मला काय माहीत! पण असं विचारणाऱ्याला दुसरं काय सांगणार?

*

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर विनयने आमचा माळा हातात घेतला. वारा नेमका कुठून येतो ते शोधायला यंत्र मिळतं, पण आमच्याकडे उदबत्ती होती. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकला तर फट आहे.

मी उदबत्ती घेऊन खोलीभर फिरत होते, तेवढ्यात शेजारच्या योकेबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या फोटोपुढे लावलेली उदबत्ती त्यांनी पाहिली होती, त्यामुळे वास येताच भेटायला आल्या. हळूच विचारलं, कोण गेलं?

मी म्हटलं, कुणी नाही, वारा शोधतेय.

त्या म्हणाल्या, "आमचे हे गेल्यावर मीही महिनाभर घरात काहीतरी शोधत होते. काय ते आठवत नाही." आणि उरलेली उदबत्ती विझेपर्यंत माझ्याबरोबर बसून राहिल्या.

*

हॅलोजन तापतो. त्यामुळे त्याच्याभोवती कापूस, कापड, काहीही कोंबायचं नाही, नाहीतर घर पेटेल. विनयने उपाय शोधला. छताच्या वरच्या पोकळीत सरपटत जायचं, प्रत्येक दिव्यावर मातीची कुंडी उपडी घालायची आणि कडा बंद करायच्या.

नोव्हेंबरात आम्ही आठ कुंड्या घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, या दिवसांत काय लावणार? विनयने आपल्या सहा महिन्यांच्या डच क्लासला स्मरून सांगितलं, काही नाही, माळ्यावर ठेवणार, उलट्या. तिने पुढे काही विचारलं नाही. एक ट्यूलिपचा कांदा फुकट दिला आणि म्हणाली, "हा तरी सुलटा लावा."

आठही कुंड्या बसल्या. वारा होता तसाच! कुंडीला बुडाशी भोक असतं, हे दोन इंजिनियरांच्या मिळून लक्षात आलं नव्हतं.

*

तीन शनिवार विनय माळ्यावरून उतरला नाही. त्यानंतरच्या सोमवारी आमच्या लेकीच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. लेकीने वर्गात सांगितलं होतं, बाबा आता माळ्यावर राहतो, आई खाली राहते.

बाईंनी कॉफी दिली, दार लावलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. कॉफीचा अर्धा कप संपेपर्यंत मी विचार करत होते.

*

आमचं झाल्यावर विनय गिरीशच्या मागे लागला. गिरीश दर वेळी म्हणायचा, पुढच्या शनिवारी. असं वर्ष गेलं. माळ्यावर तो पायच ठेवत नव्हता. शेवटी इराने माईंच्या पलंगावर झोपायचा हट्ट धरला आणि त्याने आपण होऊन फोन केला.

विनय कुंड्या घेऊन वरच्या पोकळीत शिरला. या वेळी भोकं बुजवलेल्या. मी खाली उदबत्ती धरून, शेजारी गिरीश. छतात पलंगाच्या वर दोन दिवे आणि इराच्या टेबलाच्या वर चार. पलंगाशी धूर दिव्याखालून आडवाच झाला. गिरीशने ते पाहिलं आणि मान वळवली. मग मी टेबलाकडे गेले. तिथे चारही दिव्यांखाली धूर सरळ वर!

वरून विनय ओरडला, इथे कुंडी बसत नाही, कापड भरलंय कुणीतरी.

छत तिथे उतरतं. खुर्चीवर चढून मी एक दिवा खाली ओढला. त्याच्यामागून सुती पातळाची घडी हातात आली. फिकट निळी, व्यवस्थित टीप घातलेली, एका कडेला करपलेली. दुसऱ्या दिव्यामागे तशीच, तिसऱ्या, चौथ्यामागेही. ते पातळ कुणाचं हे गिरीशला विचारावं लागलं नाही.

इरा दारात उभी होती. डचमध्ये म्हणाली, आजीने केलंय ते, माझ्या डोक्याला वारा लागायचा म्हणून. सांगू नकोस म्हणाली होती.

गिरीश म्हणाला, "पलंगावरचे दोन बघ."

मी दोन्ही ओढून पाहिले. मागे काही नव्हतं.

विनय खाली उतरला. त्याने घडीची करपलेली कड पाहिली आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला, "गिरीश, हे काढावंच लागेल. दिवा तापतो."

गिरीशने माझ्या हातातली घडी घेतली, खुर्चीवर चढला आणि ती परत होती तिथे सारली.

"मग दिवे काढ," तो म्हणाला.