न वाजणारे झुमके

तायडे सिस्टर आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. डोणगावच्या बाजूला एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी व्हरांड्यातून खडखड, छनछन असा आवाज आला. मला वाटलं, कुणी भांड्यांची पाटी घेऊन येतंय. आल्या त्या सिस्टर. साडी चापूनचोपून नेसलेली आणि दोन्ही कानांत बशीएवढाले झुमके, निळ्या, केशरी, गुलाबी चकत्यांचे. माझ्या कानातल्या मोहरीएवढ्या खड्यांकडे वाकून बघत त्या म्हणाल्या, "हे काय वो? पुटकुळी आली काय कानाले?" नोकरीच्या पहिल्या दिवशी माझं असं स्वागत झालं.

त्या चकत्या म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांवरची प्लास्टिकची रंगीत झाकणं. बाटली फोडताना ती टचकन उडून पडतात आणि आपण ती केरात लोटतो. सिस्टर ती वेचायच्या, धुऊन, उकळून वाळवायच्या, तापवलेल्या दाभणानं भोक पाडायच्या आणि तांब्याच्या तारेत ओवायच्या. तार यायची मोटर वायंडिंगवाल्याकडून. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी डोक्याला हात लावून बसायचा आणि सिस्टर वायंडिंगवाल्याला निरोप धाडायच्या की जुनी तार ठेवून दे. हौसेला मोल नाही म्हणतात. यांच्या हौसेचा सगळा मालच फुकटातला.

पोळा झाला की बाजारात बैलांच्या साजाचा उरलेला माल पडत्या भावात निघतो. त्यातले गोंडे, कवड्या आणि घुंगरं आणून त्यांनी एक हार केला होता. तो घालून त्या मीटिंगला आल्या तेव्हा आमच्या डॉक्टरसाहेबांना राहवलं नाही. "सिस्टर, हा बैलाचा साज ना?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हाव साहेब. बैलानं घातला तं पूजा करता, मी घातला तं हासता." त्यावर डॉक्टरांनी चहा मागवला.

थोडंफार सोनं होतं, ते दोन्ही मुलांच्या शिक्षणात गेलं. त्याची खंत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. कुणी नातेवाईक बाई आपलं गंठण मिरवत "हे सगळं खोटं काऊन घालता?" म्हणालीच, तर उत्तर तयार असे. "तुमचं खरं हाय ते लॉकरात राह्यते. माझं खोटं हाय ते माह्या अंगावर राह्यते." गावातल्या बायका त्यांना तुटक्या बांगड्या, बटणं, फाटक्या शालूचे काठ आणून द्यायच्या आणि पुढच्या आठवड्यात आपला काठ सिस्टरच्या गळ्यात बघून खूश व्हायच्या. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं, आणि तसं मी बोलूनही दाखवायचे. त्या म्हणायच्या, "घालाचं तं असं घाला का आंधळ्यालेही समजलं पाह्यजे."

पण सिस्टरचं नाव पंचक्रोशीत होतं ते झुमक्यांमुळे नव्हे, कानांमुळे. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची नरसाळ्यासारखी ॲल्युमिनियमची नळी असते. आता यंत्रं आली आहेत, ती बिघडतातही. सिस्टरचा भरवसा नळीवर. उजव्या कानातला झुमका काढायचा, तो तपासायला आलेल्या पोरीच्या हातात द्यायचा, "धर, सांभाळ माहा डाग" म्हणायचं, दागिन्याला त्या डागच म्हणत, आणि पोटावर कान टेकायचा. झुमका सांभाळण्याच्या नादात ती पोर घाबरायची विसरायची. क्षणभरात सिस्टर मान वर करून हसायच्या आणि त्या हसण्यावर बाया निश्चिंत होऊन घरी जायच्या.

रेखा नावाची मुलगी सातव्या महिन्यात तपासायला आली तो दिवस मला लख्ख आठवतो. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. सिस्टरनी झुमका तिच्या हातात दिला, कान टेकला आणि बराच वेळ मान वर केलीच नाही. नळी इकडून लावली, तिकडून लावली, रेखाला कुशीवर वळवून पाहिलं. रेखा छताकडे बघत नव्हती, सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती. मुठीत तो झुमका तिनं इतका आवळला होता की तार वाकली. सिस्टरनी मला हाक मारली. "वैशाली, जरा तू लाव कान." आवाज नेहमीसारखाच होता, पण नळी देताना त्यांची बोटं गार होती.

मी कान लावला. पहिल्याच झटक्याला ठोके ऐकू आले, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखे, अगदी स्वच्छ. "छान चाललंय बाळाचं," मी म्हणाले. रेखा रडायला लागली. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरंच?" मग त्या स्टुलावर बसल्या. मला तेव्हा कळलं की बाळाला काही झालेलं नाही, सिस्टरच्या कानांना झालंय.

त्या त्याच दुपारी मला बरोबर घेऊन, आपण होऊन डॉक्टरसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, मले ठोके ऐकू नाई आले. आजपासून मी कान लावत नाई. हे काम वैशालीले द्या." डॉक्टर म्हणाले, थकला असाल, दोन दिवस सुटी घ्या. "नाई साहेब. त्या पोरीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. तिले वाटलं, हेबी गेलं." त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. गप्प राहून ती सहज निघून गेली असती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "लोकायच्या ओठायकडं पाहू पाहू चालवलं मी लई दिवस. डाग खोटा चालते वो. ऐकल्याचं सोंग नाई चालत."

मीच त्यांना बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कानामागे बसणारं अंगाच्या रंगाचं छोटंसं मशीन दाखवलं आणि कौतुकानं म्हणाले, "केसांखाली लपतं मॅडम, कुणाला दिसणारसुद्धा नाही." सिस्टरचा चेहरा पडला. "दिसतच नसंल तं घालू कायले?" तरी माझ्या भिडेखातर घातलं. परतीच्या एसटीत खड्ड्याला गाडी आदळली आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले. झुमक्यांची खडखड मशीन शतपटीनं वाढवून कानात ओतत होतं. "पत्र्यावर खडे फेकून राह्यलं कोणी तरी," असं म्हणून त्यांनी मशीन काढलं आणि पिशवीत टाकलं.

ते पिशवीतच राहिलं. सिस्टर नोंदणीच्या टेबलावर बसू लागल्या. कुणाला काय विचारलं आणि कुणी काय सांगितलं याचा मेळ बसेना. बाया एकमेकींकडे बघून गालात हसू लागल्या. मला ते सहन होईना. "झुमके काढा ना मग," मी एकदा चिडून म्हणाले. "काढून पाह्यले घरी," त्या म्हणाल्या. "आरशात भलतीच बाई उभी होती."

रेखाचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तशी तिनं एकच धोशा लावला, तायडे सिस्टर पाहिजेत. डॉक्टर म्हणाले, बोलवा, उशाशी उभ्या राहू द्या. सिस्टर आल्या आणि दाराशी थबकल्या. मग दोन्ही झुमके काढून खिडकीत ठेवले, पिशवीतून मशीन काढून कानाला लावलं आणि आत आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे कान पहिल्यांदाच मोकळे पाहिले. पाळ्या लोंबून गेल्या होत्या. रेखाची पाठ चोळत त्या उभ्या राहिल्या, तिचं कण्हणं ऐकून बरोबर त्या त्या वेळी "दम घे माय, आता जोर लाव" म्हणत राहिल्या.

मुलगी झाली आणि तिनं टाहो फोडला. सिस्टर दचकल्या. कान दाबतील असं मला वाटलं, पण त्यांनी माझं मनगट धरलं. "एवढ्या जोरानं रडतेत लेकरं?"

"सगळीच रडतात सिस्टर."

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "अलीकडची लेकरं कमी रडतेत."

हे त्या मला खूपदा म्हणाल्या होत्या आणि हवापाण्याला दोष देत मीही मान डोलावली होती. त्या तिथंच उभ्या राहून रडल्या. किती बाळांचा पहिला आवाज त्यांच्या हातात असून त्यांना ऐकू आला नव्हता, याचा हिशेब कोण करणार? मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया वाटली, तशी सख्ख्या माणसाबद्दलही क्वचित वाटते.

पुढे काही दिवस त्या मोकळ्या कानांनी आल्या. बाया दबक्या आवाजात विचारायच्या, "सिस्टर, घरी काही वाईट झालं काय?" तिसऱ्यांदा असं कुणी विचारलं तेव्हा त्यांनी शिंप्याकडून चिंध्या मागवल्या. बोंडातला कापूस सरकी काढून आत भरला आणि त्या चिंध्यांची पुरीएवढी दोन फुलं शिवली, किरमिजी रंगाची, कुठंही न वाजणारी. मशीनला त्यांनी लाल नेलपॉलिश लावलं आणि ते फुलाच्या वर, सगळ्यांना दिसेल असं बसवलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सिस्टर म्हणाल्या, "आता कसं, दिसते." ठोके ऐकायला मात्र त्यांनी पुन्हा कधी कान लावला नाही. मशीन लावूनही नाही.

निवृत्तीनंतर त्या मलकापूरला मुलाकडे राहायला गेल्या. आमच्याकडे बाळंतपण आहे असं कळलं की त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. माझी खुशाली विचारत नाहीत. "तू नको बोलू, फोन तिकडं धर," एवढंच म्हणतात आणि आपला फोन कानाला लावतात. त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसतच नाही. सगळा पडदाभर ते किरमिजी फूल असतं. इकडे बाळ रडायला लागतं, चांगलं खणखणीत रडतं, आणि ते थांबेपर्यंत फूल जराही हलत नाही.