फुगडीचा पाय

जेवणाची ताटं उचलून नेली की वॉर्डात सुस्ती उतरते. सगुणाचे डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. वर पंखा कुरकुरतोय. डावं पाऊल पट्टीत गुंडाळून उशीवर ठेवलंय. साखरेच्या दुखण्यानं ते इतकं बधीर झालंय की आपलं आहे की शेजारणीचं, हेही तिला कळत नाही. पत्र्याचा तुकडा घुसला तेव्हाही कळलं नव्हतं.

उन्हं कलली की डॉक्टर पट्टी सोडणार आहेत. मागच्या वेळी त्यांनी जखम खरवडली, तर पांढरीफटक, रक्ताचा टिपूससुद्धा नाही. "मांस जिवंत असलं तर रक्त येईल," ते म्हणाले होते. "पुढच्या वेळीही आलं नाही, तर पाऊल काढावं लागेल."

दाखल करताना त्यांनी विचारलं होतं, तंबाखू खाता का? सगुणानं कानाला हात लावले. तंबाखू कोण खातंय! ती आपली मिश्री लावते, दात घासायला, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मग एक दिवस मुलाणी सिस्टरनी तिचं काळं बोट धरलं. "मावशी, मिश्री काय शेणाची करतात? तंबाखूच भाजता ना? त्यानं बारीक शिरा आवळतात. पावलापर्यंत रक्त पोचणार कसं?" तेव्हापासून डबी बंद. अंड्यानं पू होतो म्हणून धरलेलं पथ्यही सिस्टरनी मोडायला लावलं. नुसत्या पेजेवर मांस कुठून येणार, म्हणाल्या. सगुणा नाक मुरडत का होईना, अंडं गिळते. पण मिश्रीवाचून हिरड्या अजून शिवशिवतात.

तेवढ्यात वास येतो. खरपूस, नाकाला झिणझिण्या आणणारा.

पुतळाक्का खाटेच्या पायथ्याशी बसून तव्यावर मिश्री भाजतेय. ही सगुणाची थोरली जाऊ. पंचमीच्या फुगडीत दोघींची जोडी अशी की बाकीच्या बायका धापा टाकत बाजूला व्हायच्या. मग आक्काच्या पायाला जखम झाली. ती भरलीच नाही. पाय गुडघ्यातून कापला आणि त्याच हिवाळ्यात आक्का गेली. आताही तिचा एकच पाय दिसतोय, लुगड्याची दुसरी बाजू रिकामी पडलीय. सगुणाला त्याचं नवल वाटत नाही.

"किती वाळलीस गं," आक्का म्हणते. "घे, चिमूटभर लाव. बरं वाटंल."

"आक्का, तुमी तर गेलासा."

"गेले की. म्हनून काय मिश्री भाजू न्हाई?"

सगुणाला हसू फुटतं. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हंत्यात. तुमची तर मेल्यावर बी गेली न्हाई!"

खाट आता विहिरीच्या काठावर आहे. चुलीचा धूर डोळ्यांत जातोय, आणि सलाईनची बाटली आंब्याच्या फांदीला लोंबतेय. आक्का तळहात पुढं करते. त्यावर काळीभोर भुकटी. सगुणाच्या तोंडाला पाणी सुटतं, बोट आपसूक पुढं होतं. एवढ्याशानं काय होतंय? आणि गेलेल्या माणसानं मायेनं दिलेलं नको तरी कसं म्हणायचं?

बोट भुकटीला टेकतं आणि तिथंच थांबतं.

"नगं, आक्का."

"माज्या हातची बी नगं?"

"ह्याच मिश्रीनं तुमचा पाय भरू दिला न्हाई. शिरा आवळत्यात. रगातच पोचत न्हाई खाली."

आक्का तव्याकडं बघत राहते. "मला मिश्रीचं कुनी इचारलंच न्हाई गं," ती हळू आवाजात म्हणते. "तंबाखू खाती का म्हनले. मी न्हाई म्हनले."

"मी बी तेच सांगितलं हुतं."

सगुणाच्या डोळ्यांना धार लागते. एवढीशी गोष्ट, आणि आक्काला सांगायला कुणी नव्हतं. आक्का मात्र एका पायावर ताडकन उठते, भुकटीसकट तवा उचलते आणि विहिरीत भिरकावून देते.

"गेली बला! ऊठ आता. बसून काय ऱ्हायलीस?"

पाण्याच्या जागी वॉर्डाची फरशी आहे, आणि फरशीवर पंचमीचं अंगण पसरलंय. खाटांवरच्या बायका टाळ्यांचा ठेका धरतात. सगुणा खाली बघते. लुगड्याखाली आक्काची दोन पावलं आहेत, दोन्ही धुळीनं माखलेली.

"आक्का, तुमचा पाय!"

"तू तुजा राखलास न्हवं? मग माजा बी आला."

हातात हात आवळले जातात, पावलाला पाऊल भिडतं, माना मागं झुकतात आणि दोघी गरगर फिरायला लागतात. सगुणा डावं पाऊल दणादण आपटते. कशाची म्हणून भीती नाही. अशी फुगडी तिनं भर तारुण्यातही घातली नव्हती. बायका धापा टाकत बाजूला होतायत, आणि सगुणाला इतका आनंद झालाय की ती मोठ्यानं ओरडते.

"मावशी! अहो मावशी, पाय काय झाडताय?"

मुलाणी सिस्टर तिचा खांदा हलवतायत. डावं पाऊल उशीवरून घसरून खाटेच्या लोखंडी गजाला टेकलंय. पांढऱ्या पट्टीवर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल डाग आहे, आणि तो बघता बघता मोठा होतोय. सिस्टरचा चेहरा उतरतो. त्या डॉक्टरांना हाक मारतात.

पट्टी सुटते. डॉक्टर बराच वेळ वाकून बघतात, आणि मान वर करतात तेव्हा हसत असतात.

"लालबुंद आहे. भरायला लागलीय. पाऊल राहतंय, आजी. पण आपटाआपटी बंद, आणि मिश्री..."

"मिश्री हिरीत गेली," सगुणा सांगते.

सिस्टर जुनी पट्टी बादलीत टाकायला निघतात, तशी सगुणा त्यांचं मनगट धरते. "थांबा की वाईच." पट्टी उलगडून ती खाटेच्या पायथ्याकडं उंच धरते. तिथं आता कुणी नाही.

"आक्का, बघा!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ती ओरडते. "रगात आलं, रगात!"