शनिवारी न वाजलेलं शिंग

त्याला सगळी गल्ली हवावाला म्हणायची. धंदाच तो होता. कुणाची सायकल, कुणाची स्कूटर, कुणाच्या बाबागाडीचं चाक. पंक्चर काढायचं नि हवा भरायची. सिनेगॉगमधली मंडळी मात्र या नावावर जरा जास्तच हसायची. ज्यूंच्या नव्या वर्षाला मेंढ्याचं शिंग फुंकायचा मान त्याच्याकडे होता ना! "कंप्रेसर आला रे!" म्हणून पाठीवर थाप पडायची. तोही हसायचा. फुंकायला शिकवलं होतं बाबांनी, गाल फुगवले की टपली मारत.

यंदा बाबा अंथरुणाला खिळले होते. अन्न तुटलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. म्हाताऱ्यानं एकच धोशा लावला होता, "एकदा शिंग ऐकव, मग मी मोकळा." आणि नशीब बघा, नव्या वर्षाचा पहिला दिवस नेमका शनिवारी आला! शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार. त्या दिवशी शिंग वाजवायचं नाही, हातातसुद्धा घ्यायचं नाही. वाजवायचं ते दुसऱ्या दिवशी, उजाडल्यावर.

शनिवारी तो प्रार्थना आटोपून घरी आला, तर बाबा टक्क जागे.

"वाजवलंस का रे?"

"आज शब्बाथ आहे बाबा. उद्या वाजवतो."

"बरं," म्हणाले नि डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. दुपारी तर लहान मुलासारखे रडायलाच लागले. "सगळ्यांना ऐकवलंस, मलाच तेवढं नाही."

ताईला ते बघवेना. तिनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "दारं-खिडक्या लाव आणि हळू वाजव. कुणाला कळतंय?"

"बाबांना कळेल."

"त्यांना वार तरी कळतोय का? आणि जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर चालतो, तूच सांगतोस ना?"

"शिंगानं जीव वाचत नाही गं ताई," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

आता करावं तरी काय माणसानं? इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मनाचा हिय्या करून त्यानं बाबांच्या खोलीतलं कपाट उघडलं. शिंगाकडे हात गेला, तोच मागून खणखणीत आवाज आला, "काय काढतोयस? आज शनिवार ना? खबरदार!"

त्याला हायसं वाटलं. जुने बाबा परत आले होते. त्यानं मुकाट्यानं कपाट लावलं, त्यांच्या पायाशी बसला, त्यांचे पाय चेपू लागला.

"वाजवलंस का रे?" बाबांनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत ते विचारत राहिले, मग गप्प झाले.

रविवारी सूर्य वर आला तसा त्यानं उभं राहून शिंग ओठांना लावलं. काय लागला होता सूर! शेजारची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. ठरलेले सगळे स्वर वाजवून झाले. बाबांचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण पापणी हलेना.

"बाबा, ऐकलंत का?" तो कानाशी ओरडला. मग त्यांच्या कानाजवळ शिंग नेऊन त्यानं पुन्हा फुंकलं, आणखी एकदा फुंकलं, दम लागेपर्यंत फुंकलं. काही नाही.

खालून काकांनी हाक मारली, "अरे चल, सिनेगॉगमध्ये सगळे खोळंबलेत!"

त्यानं शिंग सदऱ्याला पुसलं. ताई बाबांचा हात हातात घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"काल ऐकत होते रे ते," ती म्हणाली.