किडेखाऊ झाडाची कळी

मुलगी पुण्याला नोकरीला निघाली त्या दिवशी मी तिला म्हणाले होते, "गेलीस तर परत या दारात पाय ठेवू नकोस." रागात माणूस काहीही बोलतं. मी जरा जास्तच बोलते, हे निजामपुऱ्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मला वाटलं होतं, भिवंडीतच एखाद्या शाळेत लागेल, आम्ही स्थळ बघू. तिला रोपं तयार करायच्या लॅबमध्येच काम करायचं होतं. तिने उलट उत्तर दिलं नाही. बॅग उचलली, आणि खिडकीतलं ते किडे खाणारं झाड तिच्या बापाच्या हातात दिलं. माझ्या नाही.

बाप गोडाऊनमध्ये बारा तासांची ड्युटी करणारा. झाड शेवटी माझ्याच गळ्यात पडलं.

बटरवर्ट म्हणे त्याचं नाव. वाटीएवढी कुंडी, तिच्यात मातीला चिकटून बसलेली फिकट पोपटी, जाडसर पानं. बोट लावलं की तूप लागल्यासारखं वाटतं. चिलट बसलं की बसलंच, चार दिवसांत त्याचा नुसता काळा ठिपका उरतो. असलं झाड घरात कशाला हवं, असं मी तिला शंभरदा म्हटलं असेन. जाताना तिने भिंतीवर कागद चिकटवला होता: नळाचं पाणी नाही, खत नाही, पानं पुसायची नाहीत, पाणी कुंडीखालच्या बशीतच घालायचं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ते मरतं, असंही खाली लिहिलेलं. मग मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणायला लागले. दुकानदार म्हणाला, "भाभी, आपकी बॅटरी बहोत पानी पीती है." झाडाला घालते म्हणायची लाज वाटली. "हां, पुरानी है," म्हणाले आणि कॅन उचलून चालू लागले.

रोज सकाळी मी झाडाचा फोटो तिला पाठवायचे. तिच्याकडून एक अंगठा यायचा. बस्स, एवढंच आमचं बोलणं. बापाशी ती फोनवर अर्धा अर्धा तास बोलायची आणि मी शेजारी बसून भाजी निवडत कान द्यायची. झाड मेलं तर तो अंगठाही बंद होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. एखादं पान खालून पिवळं पडलं तरी मी भिंतीवरचा कागद पुन्हा वाचायचे. बशीत पाणी जास्त झालं का, कमी झालं का, ऊन लागतंय का, दिवसातून दहा वेळा उठून बघायचे. स्वतःच्या तान्ह्या मुलीलाही मी इतकं बघितलं नव्हतं, खरं सांगते.

दोन महिन्यांनी एका सकाळी अंगठ्याऐवजी शब्द आले. "मधोमध बारीक टोक दिसतंय ना, ती कळी आहे. फूल उमललं की बघायला येईन." नवऱ्याला मी ते तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "अगं, मला वाचता येतं."

तेव्हापासून माझी झोप उडाली. दोऱ्याएवढी बारीक दांडी रोज थोडी थोडी वर येत होती आणि टोकाला मान खाली घातलेली जांभळट कळी. दांडीही पानांसारखीच चिकट. आमच्या खोलीखाली कापड विणायचे लूम, तिथली रुई हवेतून वर येते आणि मिळेल तिथे बसते. दांडीवर रुई दिसली की मी जीव मुठीत धरून चिमट्याने काढायची.

माझं काम धागा कटिंगचं. शिवलेल्या कपड्यांचे ढीग घरी येतात, त्यांचे लोंबणारे धागे कटरने कापायचे. कटर म्हणजे मुठीत मावणारी छोटी कात्री. नियम एकच, धागा बुडापासून कापायचा. शेपूट राहिलं की माल परत येतो. वीस वर्षं हेच केलंय, आता बोटं डोळ्यांची वाट बघत नाहीत.

त्या दुपारी खिडकीपाशी बसून काम करत होते. वर बघितलं तर कळीला सुताचा एक लांब धागा चिकटून लोंबत होता. त्याच्या ओझ्याने कळी तुटली असती. चिमटा आतल्या खोलीत होता, कटर हातात. वाटलं, एवढा धागा कापून टाकू. हात पुढे गेला, सवयीने खाली बुडाशी गेला, आणि कट्.

धागाही पडला, दांडीही पडली. मग वेड्यासारखी ती दांडी पाण्यात उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मलूल झाली.

तीन दिवस मी जुने फोटो पाठवले. चौथ्या दिवशी तिचं आलं, "आई, कळी तेवढीच कशी?" घर सोडल्यापासून पहिल्यांदा तिने मला आई म्हटलं होतं आणि मी तिला फसवत होते.

नवरा म्हणाला, "सांगून टाक. ती झाडांचं शिकलेली हाय, तिला काय कळत न्हाय?"

"आता ती यायची न्हाय," मी म्हणाले.

"मग न्हाय येणार. पण खोटं नको."

लिहायला बसले तर शब्द जुळेनात. शेवटी बोलूनच पाठवलं. "चुकले गं. कटर हातात होता. तुझं फूल मी कापलं. चुकले बाई, खरंच चुकले." पाच मिनिटांत फोन वाजला. तिचा, माझ्या फोनवर.

"झाड कसंय?"

"हाय. पानं सगळी नीट हायत."

"मग दुसरी दांडी येईल. त्याला काही झालं नाही." मला वाटलं, आता फोन ठेवणार. "फुलासाठी तीनदा चुकले म्हणालीस, आई. मला जे बोललीस, त्यासाठी एकदा तरी म्हणालीस का?"

"चुकले," मी पुटपुटले.

"काय? लूमच्या आवाजात ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोल."

शेजारच्या खोलीत चार बायका कटिंग करत बसलेल्या, दार उघडं. मी डोळे मिटले आणि ओरडले, "चुकले मी! तसं बोलायला नको होतं! तू घरी ये!"

शेजारची बडबड थांबली. "दुसरी दांडी दिसली की फोटो पाठव," फोनवर लेक म्हणाली. आणि फोन तिने ठेवला नाही.