मर्वने जपलेली फाइल

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या धान्यगोदामात मर्व लिंडनर कॉम्प्युटर सांभाळायचा. खरं तर पडलेले पुन्हा चालू करायचा. मशीन का पडलं, या प्रश्नावर त्याचं वर्षानुवर्षं एकच उत्तर असे, "उठलं ना? मग?"

मशीन कोसळताना मेमरीत काय चाललं होतं ते एका फाइलीत लिहून ठेवतं. पुढच्या वेळी कोसळलं की त्याच फाइलीवर नवं चढतं आणि जुनं जातं. गेल्या सुगीत असा पुरावा पुसला गेला. मॅनेजर डीनने झापल्यावर मर्वला एकदम जाग आली. ऑक्टोबरमध्ये, सुगीआधी, त्याने डीनसमोर कीबोर्डवरून वजनकाट्याचा सर्व्हर मुद्दाम पाडला, तयार झालेली फाइल दाखवली आणि 'जुन्यावर लिहा' या पर्यायापुढची खूण काढून टाकली.

"आता हिला कोणाचा बाप पुसू शकणार नाही," तो म्हणाला.

ते खरंच होतं. पण जुनी फाइल हलवली नाही, तर नवी तयारच होणार नाही, एवढं वाचायचे कष्ट त्याने घेतले नव्हते.

डिसेंबरात बार्लीचे ट्रक रस्त्यापर्यंत खोळंबले असताना वजनकाट्याचा सर्व्हर पडला. मर्वने तो उठवला आणि काट्याच्या खिडकीशी गेला. तिथे ग्लेनिस हँकॉक बसायची, दर सुगीपुरती.

"काय दाबलंस?"

"ट्रकचा नंबर. रोज तेच दाबते."

"काहीतरी भलतंच दाबलं असशील. त्याशिवाय मशीन पडत नाही."

मर्वने डीनकडेही हेच लावून दिलं. डीनने ग्लेनिसला सांगितलं, चूक तुझी निघाली तर या सुगीचं काम संपलं. मर्वने जपलेली फाइल सॉफ्टवेअर कंपनीला धाडली. तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा डीनने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हे आपोआप पडलेलं नाही. कोणीतरी कीबोर्डवरून मुद्दाम पाडलंय."

"ऐकलंस?" मर्व खुर्चीत रेलला. "यंत्र खोटं बोलत नाही."

ग्लेनिसने सँडविचच्या कागदाची सावकाश घडी घातली. "बाई, हे कधीचं?"

"ऑक्टोबरचं."

"ऑक्टोबरात मी सेडुनाला लेकीकडे होते. इथे कोण होतं, मर्व?"

मर्वला अचानक सॉसेज रोलचे कण शर्टावरून झटकायची घाई झाली. उत्तर डीननेच दिलं. "मी होतो. आणि हा. माझ्यासमोर यानेच दाबलं."

"मग डिसेंबरची फाइल पाठवा ना," फोनवरची बाई म्हणाली.

"ती झाली नाही," मर्व पुटपुटला.

"का?"

"जुनी जपली होती ना."

फोनच्या पलीकडे कोणीतरी हसू दाबत असावं. डीनने ग्लेनिसला खिडकीवर परत पाठवलं. सर्व्हर का पडला ते कोणाला कळलं नाही, आता कळणारही नाही.

मर्व माफी मागणाऱ्यांतला नव्हता. दुपारी खिडकीशी येऊन तो एवढंच म्हणाला, "सेटिंग चुकलं होतं." जणू ते सेटिंग रात्रीत स्वतःच उठून बदललं होतं.

"हं," ग्लेनिस म्हणाली. "बाजूला हो, ट्रक येतोय."