कॉम्रेडांचं राहिलेलं भाषण

क्यूबाच्या क्रांतिकारक नेत्याच्या शोकसभेत मी वादविवाद स्पर्धेतलं भाषण ठोकलं. मुद्दे बरोबर होते, हे आणखी वाईट.

सभा माझ्या शेजाऱ्यांनी जमवली होती. बँकेच्या युनियनमध्ये त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून सगळे त्यांना कॉम्रेड म्हणत. मी जरा टोमण्यात म्हणायचो. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या सभांना सतरंज्या घातल्या, माइक लावले. स्वतः बोलले नव्हते कधी. त्या संध्याकाळी मात्र समारोप त्यांचा होता, आणि तो ऐकायला वहिनी ठेवणीतली साडी नेसून अगदी पुढे बसल्या होत्या. "दुसरी बाजूही हवी," असा आग्रह धरून मला पाच मिनिटं दिली तीही कॉम्रेडांनीच.

मी सुरुवात केली. दवाखाने फुकट, शाळा फुकट, मान्य. पण सगळा देश साखरेवर उभा केला, साखर घेणारा दोस्त देशच कोसळला आणि लोकांची ताटं रिकामी झाली, त्याचं काय?

"आणि अमेरिकेची नाकेबंदी विसरलात का?" मागून कुणीतरी ओरडलं.

मला तेवढंच हवं होतं. मी नाकेबंदीवर घसरलो, तिथून शेतीवर, शेतीवरून रेशनवर. टाळ्यांसाठी थांबलो तेव्हा दारात हॉलचे व्यवस्थापक उभे.

"वेळ संपली. पुढे डोहाळजेवण आहे."

त्यांच्या मागून हिरव्या साड्या आत डोकावत होत्या. श्रद्धांजलीची शांतता कशीबशी उरकली. कॉम्रेडांनी भाषणाचा कागद खिशात घातला आणि सवयीने सतरंजी गुंडाळायला वाकले. दुसरं टोक मी धरलं.

"चांगलं बोललात हं," ते म्हणाले. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर रात्री झोप तरी लागली असती.

सकाळीच त्यांच्या घरी गेलो. "कॉम्रेड, कालचं भाषण मला ऐकवा."

त्यांचा चेहरा उजळला. चष्मा लावून ते टीव्हीसमोर उभे राहिले. वहिनी पदराला हात पुसत येऊन बसल्या.

"मित्रहो," समोर मित्र मी एकटाच, "खेड्यातल्या गरिबाच्या पोराला ताप आला, तर दाराशी डॉक्टर येतो. माझ्या लेखी हीच त्या माणसाची मिळकत..." त्यांचा आवाज कापायला लागला.

"हो, पण त्या डॉक्टरचा पगार—" मी म्हणालो.

वहिनी उठल्या.

"भाऊजी, चहा ठेवलेला नाही. निघा तुम्ही."